कार्ड नवं, तरी गेम अडखळतो: जुना प्रोसेसर बदलण्याआधी आणि बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मशीन सहा-सात वर्षांचं: रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम. त्यात नुकतंच आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड बसवलं. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्‌झचा. चित्र छान दिसायला लागलं, पण एफपीएस, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, अपेक्षेइतके वाढले नाहीत. गेममधल्या शहरात, बाजारात किंवा मोठ्या लढाईत शिरलं की अडखळणं तसंच आहे. एका जाणत्या मित्राचं म्हणणं, की बोर्ड, रॅम सगळं काढून नव्या सॉकेटवर जा. जावं का?

नको. निदान आत्ता तरी नको. सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची खाच. तुमचा बोर्ड एएमडीच्या एएम४ सॉकेटचा आहे, आणि या सॉकेटची खासियत अशी की २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डी पर्यंतचे प्रोसेसर त्याच आकाराच्या खाचेत बसतात. तुमचा २६०० त्या रांगेत बराच मागे आहे. म्हणजे तुमच्या हातातल्याच बोर्डवर अजून एक मोठी उडी शिल्लक आहे. फक्त प्रोसेसर मागवण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. मी गेली बरीच वर्षं लोकांची मशीन बांधते आणि दुरुस्त करते. वाया गेलेले पैसे मी सगळ्यात जास्त पाहिले ते न मोजता घेतलेल्या प्रोसेसरमध्ये.

मोजायचं काय, ते कळायला आत काय चालतं ते थोडं बघू. प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर काम करतो: कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, रस्त्यावरची माणसं कुठे वळणार, आणि या सगळ्यातलं पडद्यावर काय काढायचं. ती यादी तो कार्डाकडे देतो आणि कार्ड चित्र काढतं. दोघांपैकी जो हळू, त्याच्या चालीने गेम चालतो. ६० एफपीएस हवे असतील तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवे असतील तर फक्त ६.९. तुमचा प्रोसेसर एक यादी तयार करायला ११ मिलिसेकंद घेत असेल, तर ९० च्या आसपास एफपीएसवर छत आलं. मग वर कुठलंही कार्ड लावा, ते यादीची वाट बघत बसणार.

हे छत तुमच्याकडे आहे का, ते असं तपासा. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं काही टाकून गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर दिसेल असं करा. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, एफपीएसवर घातलेली मर्यादा बंद. गेममध्ये जिथे हमखास अडखळतं तिथे सेव्ह करा आणि दर वेळी तिथूनच चाचणी घ्या. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्डच पूर्ण दमलंय, प्रोसेसर बदलून हाती फारसं लागणार नाही. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर संशय प्रोसेसरवर. खात्री करायला रेझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा, बाकी सेटिंग जशीच्या तशी ठेवा. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. तरीही एफपीएस जागचे हलले नाहीत, तर निकाल लागला: अडसर प्रोसेसरच्या बाजूला आहे.

इथे बरेच जण एका आकड्याला फसतात. टास्क मॅनेजर उघडतात, प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसतो, आणि म्हणतात, अर्ध्याहून जास्त तर रिकामाच आहे! २६०० मध्ये १२ थ्रेड आहेत, म्हणजे एकाच वेळी कामं चालवायच्या १२ रांगा. त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा जेमतेम ८ टक्क्यांनी हलतो. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच दमलेला असतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत असतात. टास्क मॅनेजरच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक थ्रेड वेगळा दाखवायला सांगा, चित्र बरंच स्पष्ट होईल. अर्थात विंडोज एकच काम या थ्रेडवरून त्या थ्रेडवर फिरवत असते, त्यामुळे तिथेही कुणीच शंभरावर दिसलं नाही तर गोंधळू नका. शेवटचा शब्द ७२०पी च्या चाचणीचा.

डीएलएसएसबद्दलही इथेच सांगते, कारण तुमच्या कार्डावर ते आहे आणि ‘डीएलएसएस लावलं तरी एफपीएस वाढत नाहीत’ ही तक्रार मी सतत ऐकते. ते गेम आतून कमी रेझोल्यूशनवर काढून मोठा करतं, म्हणजे कार्डाचा भार हलका करतं. भार ज्याच्यावर नाहीच त्याला आराम देऊन काय होणार? रे ट्रेसिंगचं उलटं आहे. ते फक्त कार्डाला जड पडतं असं वाटतं, पण प्रकाशकिरणांसाठी दृश्याची जी रचना सतत ताजी ठेवावी लागते तिच्यात प्रोसेसरचंही बरंच काम असतं. जुन्या प्रोसेसरवर अडखळत असेल तर सगळ्यात आधी रे ट्रेसिंग बंद करून बघा. त्यानंतर गर्दीची घनता आणि लांबवरचं दिसण्याचं अंतर कमी करा. टेक्सचर कमी करून प्रोसेसरला काही फरक पडत नाही, ते हवं तेवढं वर ठेवा.

आता रॅम. यावर मी जरा जास्तच बोलते, पण त्याला कारण आहे. मागे एक जण माझ्याकडे मशीन घेऊन आला, सोबत नव्या प्रोसेसरचं न उघडलेलं खोकं. म्हणाला, हा बसवून द्या, गेम फार अडखळतात. बाजूची काच काढली तर रॅमच्या दोन्ही पट्ट्या प्रोसेसरला लागून असलेल्या पहिल्या दोन खाचांत, शेजारी शेजारी. चार खाचांच्या बोर्डवर दोनच पट्ट्या असतील तर त्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लागतात. शेजारी लावल्या की दोन्ही एकाच वाटेवर येतात, दुसरी वाट रिकामी राहते आणि प्रोसेसरला माहिती पुरवण्याचा वेग निम्मा होतो. वर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातच असलेल्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर ३२०० ची रॅम २१३३ वर चालू होती. रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, एक्सएमपी, मशीन घेतल्यापासून कुणी चालूच केली नव्हती. पट्ट्या हलवल्या, एक्सएमपी चालू केलं, पंधरा मिनिटांचं काम. तो खोकं न उघडताच घेऊन गेला आणि नंतर ते परतही केलं.

तुमचीही रॅम आधी तपासा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग दिसतो. तिथे ३२०० च्या जागी २१३३, २४०० किंवा २६६६ असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. रायझनमध्ये याचं महत्त्व जरा जास्तच, कारण प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा दुवा, इन्फिनिटी फॅब्रिक, रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. रॅम हळू चालली की तोही हळू चालतो. २६०० चा रॅम कंट्रोलर जुना आहे. ३२०० वर मशीन मध्येच बंद पडायला लागलं तर हाताने ३००० किंवा २९३३ वर ठेवा. नवा प्रोसेसर बसल्यावर तीच रॅम ३२०० वर सहसा निमूट चालते.

समजा हे सगळं करूनही ७२०पी वर एफपीएस हलले नाहीत. मग कुठला प्रोसेसर?

तुमच्यासाठी मी रायझन ५ ५६०० म्हणेन. ६ कोअर, १२ थ्रेड, म्हणजे कागदावर २६०० इतकाच. फरक आतल्या रचनेत आहे. २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेत आणि प्रत्येक गटाकडे ८ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर ती त्या संथ दुव्यावरून यावी लागते. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशेभोवती बसलेत. त्यात घड्याळाचा वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्‌झवर गेला, आणि प्रत्येक ठोक्यात होणारं कामही वाढलं. या तिन्ही गोष्टी गेमला थेट लागू पडतात. ५६००एक्स मिळाला तरी चालेल, पण वेगातला ०.२ गिगाहर्ट्‌झचा फरक खेळताना जाणवत नाही, त्यासाठी जास्त मोजू नका. गेम खेळता खेळता रेकॉर्डिंग, स्ट्रीमिंग करत असाल तर ८ कोअरचा ५७००एक्स.

नावं मात्र नीट वाचून घ्या. ५७००एक्स वेगळा आणि ५७०० वेगळा. नुसता ५७००, नुसता ५५००, आणि ५६००जी, ५७००जी हे एका वेगळ्या चिपवरून आलेत. त्यांच्यात एल३ कॅशे १६ एमबीच आहे, म्हणजे निम्मा, आणि कार्डाला जोडणारी वाट, पीसीआय एक्स्प्रेस, हीसुद्धा ३.० वरच अडलेली. तुमचा बोर्ड तसाही ३.० चाच आहे, त्यामुळे त्याचं दुःख नाही. कॅशेचं आहे.

आणि मग एक्स३डी. ५८००एक्स३डी २०२२ मध्ये आला, ५७००एक्स३डी २०२४ च्या सुरुवातीला. यांच्या चिपवर ६४ एमबी कॅशेचा आणखी एक थर उभा चढवलाय, एकूण ९६ एमबी. ५७००एक्स३डी चा कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्‌झ, साध्या ५७००एक्सचा ४.६. तरी गेममध्ये एक्स३डी पुढे जातो. गेमला लागणारी माहिती शेकडो ठिकाणी विखुरलेली असते, आणि ती कॅशेत सापडली नाही की रॅमपर्यंत जावं लागतं. त्या एका फेरीत प्रोसेसरचे साधारण तीनशे ठोके वाट बघण्यात जातात. कॅशे मोठा असला की अशा फेऱ्याच कमी होतात. म्हणून फ्लाइट सिम्युलेटर, रेसिंगचे सिम्युलेटर, फॅक्टोरिओसारखे कारखाना उभारायचे गेम, शेकडो खेळाडू एकत्र येणारे ऑनलाइन गेम यांत त्याचा फरक डोळ्यांना दिसतो. तुम्ही असेच गेम खेळत असाल, किंवा दोन वर्षांत कार्ड आणखी वरचं घेऊन हाच बोर्ड चालवायचा विचार असेल, आणि एक्स३डी खात्रीच्या ठिकाणी मिळत असेल, तर तोच घ्या. ३०६० टीआय वर कथानकाचे मोठे गेम सगळी सेटिंग वर ठेवून खेळायचे असतील तर ५६०० नंतर कार्डच आधी दमेल आणि एक्स३डी ची ताकद पडून राहील. १२ आणि १६ कोअरचे ५९००एक्स, ५९५०एक्स गेमसाठी घेऊ नका. त्यांचे कोअर दोन चिपांवर वाटलेत आणि गेमला तेवढे लागत नाहीत.

यातून मिळणार काय, तेही आधीच स्पष्ट असू दे. सरासरी एफपीएस वाढेलच, पण खरी कमाई तळात आहे. सरासरी ९५ आणि सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा आकडा ४५, असा गेम हाताला खडबडीत लागतो. सरासरी ८५ आणि तळ ७० असेल तर तोच गेम लोण्यासारखा वाटतो. चाचणी घेताना हा एक टक्का लो नक्की लिहून ठेवा. आणि ऑनलाइन गेममध्ये माणसं जागच्या जागी उड्या मारत असतील, गोळी लागूनही मोजली जात नसेल, तर तो नेटवर्कचा प्रश्न आहे. आपण सगळ्यालाच लॅग म्हणतो, त्यामुळे औषध चुकतं.

बोर्डाचं बायोस जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करायचं. हा क्रम उलटा झाला तर नवा प्रोसेसर बसेल, पंखे फिरतील, पडदा काळा राहील. बोर्डवर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर बघा, कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची प्रोसेसरांची यादी काढा. प्रत्येक प्रोसेसरसमोर कुठल्या बायोसपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच सोयीने चढवा, विंडोजमधून नको. बायोससोबतची टीप पूर्ण वाचा. अनेक जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच आहे आणि नव्यांना जागा करायला काही जुन्या प्रोसेसरांना वगळलंय. काही आवृत्त्यांवरून मागेही येता येत नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड अडकतो, म्हणून यूपीएस असेल तर तेव्हा लावा.

याच टप्प्यावर बिटलॉकर तपासा. विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू असू शकतं, आणि त्याची किल्ली रायझनमध्ये प्रोसेसरशी जोडलेल्या एफटीपीएममध्ये, म्हणजे अशा किल्ल्या जपून ठेवणाऱ्या भागात असते. नवा प्रोसेसर बसवून पहिल्यांदा चालू केलं की काळ्या पडद्यावर विचारलं जातं: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन? घाईत वाय दाबलं आणि रिकव्हरी की जवळ नसली तर स्वतःच्याच डिस्कबाहेर उभं राहावं लागतं. आधी बिटलॉकर थांबवून ठेवा किंवा की कागदावर उतरवून घ्या.

आता प्रत्यक्ष काढणं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त घर्षणाने धरून ठेवतं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली सहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की सॉकेटची पकड आवळणारी कडेची दांडी बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून बाहेर येतो. कडेच्या दोन-चार पिना वाकतात, कधी तुटतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवा, पेस्ट मऊ होते. मशीन बंद करून वायर काढा आणि लगेच कामाला लागा. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे सैल करा. २६०० सोबतचा कूलर थेट बोर्डामागच्या पट्टीत स्क्रूने बसतो, तेव्हा स्क्रू सुटताना मागून हात धरा, नाहीतर ती पट्टी मागे पडते. मग कूलर वर न ओढता, रवी फिरवावी तसा थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवा. एक बारीकसा चप्प आवाज येतो आणि तो सुटतो. पीन वाकलीच, तर यांत्रिक पेन्सिलीतली शिसं काढून तिच्या टोकाची नळी पिनेवर घाला आणि हलकेच सरळ करा. एका वेळी एकच पीन, आणि मागे-पुढे वारंवार नको, धातू थकतो.

नवा बसवताना दांडी वर ठेवा आणि प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर आपल्या वजनाने आत बसतो. दाबावं लागलं तर काहीतरी चुकतंय, उचला आणि परत बघा. ५६०० सोबत कूलर येतो आणि तो पुरतो. ५७००एक्स आणि एक्स३डी सोबत येत नाही. एक्स३डी ला १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावाच. वर चढवलेल्या थरामुळे त्याची उष्णता बाहेर पडायला जरा अवघड जाते आणि गेममध्ये तो ८० च्या पुढे गेलेला दिसतो. त्याची मर्यादा ९० अंशांची आहे. पॉवर सप्लाय बदलायची गरज नाही, २६०० आणि ५६०० दोन्ही ६५ वॉटचे.

बायोस अपडेटने आणि प्रोसेसर बदलल्याने एक्सएमपी बंद होतं. ते परत चालू करा, चिपसेटचे ड्रायव्हर ताजे करा. विंडोज नव्याने टाकायची गरज सहसा पडत नाही. मग त्याच सेव्हवरून तीच चाचणी.

हे वाचणाऱ्या इंटेलवाल्यांसाठी थोडं. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठवी-नववी चालत नाही, सॉकेटचं नाव दोन्हीकडे एलजीए ११५१ असलं तरी. तिथे जास्तीत जास्त ४ कोअरचा ७७०० किंवा ७७००के बसेल, आणि विंडोज ११ त्यालाही अधिकृतपणे स्वीकारत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तिथे पैसे घालू नका. चौथ्या पिढीच्या डीडीआर३ मशीनवर तर अजिबात नको. अशांनी मात्र तुमच्या मित्राचा सल्ला ऐकावा आणि सगळंच बदलावं. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ रॅम घ्यावी लागते, पण एएमडीने तो सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवण्याचं जाहीर केलंय. बाराव्या पिढीवरून तेराव्या-चौदाव्यावर जाणाऱ्यांनी आधी बायोस ताजं करावं. जास्त व्होल्टेजमुळे त्या पिढ्यांचे वरचे प्रोसेसर अस्थिर होत होते, त्यावर बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या, म्हणजे मायक्रोकोड, २०२४ मध्ये आल्या.

तुमचा २६०० लगेच विकू नका. नव्या प्रोसेसरच्या प्लास्टिकच्या खोबणीत पिना खाली करून ठेवा आणि नवा आठवडाभर नीट चालला की मग काढा. बोर्डाचं नवं बायोस २६०० ला अजूनही ओळखत असेल, तर अडचण आलीच तर त्याच्यावर परत येऊन प्रश्न प्रोसेसरचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे दहा मिनिटांत कळतं.